चाळीस घोडे

रविवारी सकाळी सातच्या सुमारास आमच्या कन्हेरीत तीन आवाज ठरलेले आहेत. पहिला मारुतीच्या देवळातल्या घंटेचा. दुसरा डेअरीवर दूध घालायला निघालेल्यांच्या किटल्यांचा. आणि तिसरा आमच्या अंगणातला. हा तिसरा आवाज एकदम येत नाही. आधी एक उसासा येतो, मग खोकल्याची उबळ येते, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग एखाद्या म्हाताऱ्याने घसा खाकरून भजनाचा सूर धरावा तसा एक संथ, भरीव घुमारा सुरू होतो. तो ऐकला, की शेजारच्या काकू घरातूनच म्हणतात, "उठली गं बाई मास्तरांची फियाट!"

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माणसाच्या दारात मोटार उभी राहू नये, याची पक्की तजवीज या दोन्ही धंद्यांत केलेली असते. तरीही माझ्या दारात मोटार आहे. १९६८ सालची 'फियाट ११०० डिलाइट'. रंग दुधी, मागच्या बाजूला दोन्हीकडे माशाच्या परासारखी उचललेली धार, आणि पुढून पाहिले तर चष्मा लावून वर्तमानपत्र वाचणाऱ्या सज्जन गृहस्थासारखा चेहरा.

कन्हेरीचा मारुती साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. निवडणुका आल्या की बारामतीतल्या प्रचाराचा पहिला नारळ त्याच्यापुढे फुटतो. माझ्या मोटारीचा नारळही तिथेच फुटला. फरक एवढाच, की पुढाऱ्यांच्या गाड्या नारळ फुटताच भरधाव निघून जातात. माझी गाडी त्यानंतर अर्धा तास देवापुढेच उभी राहिली. पुजारी म्हणाले, "मास्तर, दर्शन फार मनापासून घेते हो तुमची गाडी!"

तिला जागे करणे हा एक लहानसा संस्कारच आहे. आधी बॉनेट उघडायचे, तेलाची काडी काढून फडक्याने पुसायची आणि पुन्हा बुडवून पाहायची. रेडिएटरमधले पाणी पाहायचे. बॅटरीच्या तारा हलवून पाहायच्या. मग आत बसून चोक ओढायचा, पायाने एकदाच पेट्रोल द्यायचे, पाच आकडे मोजायचे आणि मगच स्टार्टर. चार मोजले तर ती रुसते; सहा मोजले तर पेट्रोलने गुदमरते. हल्लीच्या मोटारी एका बोटाने सुरू होतात. त्यांच्या मालकांचा मला हेवा वाटत नाही. बटण दाबून लागणारा दिवा आणि तेल घालून, वात सारखी करून लावलेली पणती, उजेड दोन्ही देतात. पण दिवाळीला आपण पणतीच लावतो ना?

मागे एकदा माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेहून आला होता. डेट्रॉइटच्या बाजूला नोकरीला असतो. तिथे वुडवर्ड ॲव्हेन्यू नावाचा एक लांबलचक रस्ता आहे. १९९५ सालापासून दर ऑगस्टमध्ये हौशी लोक आपापल्या जुन्या मोटारी घेऊन त्या रस्त्यावर नुसते फिरतात. ना कुणाला कुठे जायचे असते, ना कुणाला घाई असते. त्याने मला त्या जत्रेची चित्रे दाखवली. लाल, पिवळ्या, काळ्याभोर मोटारी. रुंद छातीच्या, आखूड शेपटाच्या. तिकडे त्यांना 'मसल कार' म्हणतात. मी म्हणालो, "म्हणजे आपल्या भाषेत पैलवान मोटार!" त्याला ते नाव फार आवडले.

या पैलवानांची जन्मकथा मोठी गमतीची आहे. मधल्या चणीची मोटार घ्यायची आणि तिच्यात थोरल्या मोटारीचे इंजिन बसवायचे, एवढीच ती युक्ती. १९६४ साली पॉन्टिॲक कंपनीने 'जीटीओ' नावाची मोटार अशीच काढली. आठ सिलिंडर, जवळजवळ साडेसहा लिटरचे इंजिन आणि तीनशे पंचवीस अश्वशक्ती! मग डॉज, प्लिमथ, फोर्ड, सगळेच आखाड्यात उतरले. १९७३ साली तेलाचे भाव भडकले, त्याच्या आगेमागे धुराचे कायदे कडक झाले, विम्याचे हप्ते वाढले, आणि पैलवानांचा खुराक बंद झाला. जेमतेम दहा वर्षांचे राज्य. पण त्या दहा वर्षांवर तिकडची माणसे अजून जीव टाकतात.

"सर, तुमच्या फियाटला घोडे किती?" त्याने विचारले.

"चाळीस," मी म्हणालो. "त्यांतले दोन-तीन वयोमानाने गेले असतील."

तो हसला. मग मी किल्ली त्याच्या हातात दिली. काटेवाडीपर्यंत जाऊन यायला त्याला अर्धा तास लागला. परत आला तेव्हा सदरा घामाने भिजला होता आणि चेहरा दहावीच्या सहलीत होता तसा झाला होता. म्हणाला, "सर, तिकडं नुसता पाय ठेवला की गाडी पळते. हिला मनवावं लागतं!"

त्या रात्री मी विचार करीत पडलो होतो. चाळीस घोड्यांची एक मोठी गंमत आहे. ते सगळेच्या सगळे वापरता येतात. तीनशे पंचवीस घोड्यांच्या मालकाला आमच्या रस्त्यावर तीनशे घोडे पागेत बांधून ठेवावे लागतील. त्यांना वर्षानुवर्षे दाणा घालायचा आणि सोडायचे कधीच नाही! माझे चाळीसही घोडे भवानीनगरच्या अलीकडच्या चढाला माना खाली घालून ओढत असतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाचा श्वास मला तळपायाला कळतो. मालकीचा आनंद म्हणतात तो हाच असावा. जे आपले आहे ते पुरते वापरता येणे.

त्या पैलवानांशी आमच्या फियाटचे लांबचे नातेही आहे, आणि ते नाते आमच्या शेजारून जाते. वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे. जन्म १८८२ सालचा. रेल्वेची कंत्राटे घेता घेता या माणसाने जहाजे, विमाने, साखर, जे जे हिंदुस्थानात व्हायचे नाही असे साहेब म्हणे, ते ते करायला घेतले. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर त्यांनी साखर कारखाना उभारला आणि त्याच्याभोवती वालचंदनगर वसले. १९४४ साली त्यांनी 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला मोटारींचा कारखाना घातला. पहिला करार केला तो अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी. डॉज, प्लिमथ, डिसोटो या मोटारी कुर्ल्याला जुळू लागल्या. पुढे अमेरिकेतल्या पैलवान मोटारींच्या छातीवर झळकलेली डॉज आणि प्लिमथ ही नावे आपल्या कुर्ल्याने आधीच पाहिली होती.

वालचंदशेठ १९५३ साली गेले. तोवर कुर्ल्याची इटलीच्या फियाटशी सोयरीक जुळली होती. पाठोपाठ फियाट ११०० आली. तिच्या सुरुवातीच्या गोल, गुबगुबीत रूपाला आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' असे लाडाचे नाव ठेवले. माझी डिलाइट ही तिचीच धाकटी, जरा शिडशिडीत बहीण. १९७० नंतर फियाटचे नाव गेले, गाडी आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून जी तुम्ही-आम्ही ओळखतो ती हीच पद्मिनी. तिची मुंबईतली शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांचीच मुदत असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी मुंबईच्या टॅक्सींतून कायमची गेली. त्या दिवशी वर्तमानपत्रात तिचे चित्र आले होते. मी ते कापून माझ्या गाडीच्या खणात ठेवले आहे. घरातले कुणी गेले तर दुसऱ्यांना कळायला नको का?

आता ही मोटार माझ्याकडे आली कशी, ते सांगायला हवे. ती आमची नव्हती. बारामतीत एक डॉक्टर होते, त्यांची ती गाडी. त्या काळी मोटारीसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, अशी रीत होती. डॉक्टरसाहेबांनीही अशीच वाट पाहून ती घेतली होती. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, १९७२ सालच्या दुष्काळात शेत करपले तेव्हा त्यांच्याकडे ड्रायव्हर म्हणून राहिले. ते तेवीस वर्षे राहिले. रात्री-अपरात्री वाड्यावस्त्यांवरून बोलावणी यायची. आबा आणि डॉक्टर आणि फियाट, असे तिघे निघायचे. किती बाळंतपणे आणि किती सर्पदंश या गाडीने पाहिले असतील, त्याची गणती नाही.

दर दिवाळीला पाडव्याच्या संध्याकाळी डॉक्टरसाहेब आबांना गाडी घरी न्यायची परवानगी द्यायचे. १९८७ सालचा तो पाडवा मला लख्ख आठवतो. मी सात वर्षांचा होतो. दारात गाडी उभी. आईने तिला ओवाळले. वस्तीवरची सारी पोरे जमली. मी मागच्या दाराच्या मुठीला हात लावला, तसा आबांचा आवाज आला, "नगं बाळा. ती आपली नव्हं. बाहेरनं बघ."

मी बाहेरून पाहिली. काचेला नाक लावून मागची सीट पाहिली. ती तपकिरी होती आणि तिच्यावर पांढऱ्या कापडाची खोळ होती. मग मी मागे गेलो आणि माशाच्या परासारखी ती धार बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत गिरवली. चित्रकलेचा मास्तर व्हायचे माझ्या नशिबात लिहिले गेले असेल, तर त्या क्षणी. तेवढी सुरेख रेघ मी तोवर पाहिली नव्हती.

१९९५ साली आबांनी काम सोडले. पुढच्याच वर्षी डॉक्टरसाहेब गेले. त्यांची मुले परगावी. मोटार वाड्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तेरा वर्षे उभी राहिली. २००९ साली वाडा पाडायचा ठरला, तेव्हा भंगारवाल्याच्या आधी मी तिथे पोहोचलो. पंधरा हजार रुपयांना सौदा झाला. चारही चाके जमिनीला टेकली होती, पुढच्या दिव्याच्या खोबणीत चिमणीचे घरटे होते आणि मागच्या सीटमध्ये मांजरीने पिले घातली होती. खण उघडला तर त्यात एक पिवळा फडका, चार पदरी घडी घालून ठेवलेला. आबांनी तो उचलला, वास घेतला, पुन्हा घडी मोडू न देता खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "घे. मी हाय."

पुढची दोन वर्षे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. बारामतीचे एक म्हातारे मिस्त्री, आबा आणि मी. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जावे, उन्हात मांडलेल्या ढिगांतून एखादी कडी, एखादे झाकण, एखादा दिव्याचा कडा शोधावा, आणि लग्नाचा मुहूर्त निघाल्यासारखे नाचत घरी यावे. माझ्या पहिल्या कादंबरीचे मानधन पिस्टनमध्ये गेले. सौभाग्यवतींच्या दोन बांगड्या रंगकामात गेल्या. कादंबरीची आठवण आता कुणी काढीत नाही. बांगड्यांची महिन्यातून एकदा निघते.

२०११ च्या दसऱ्याला गाडी चालू झाली. तेव्हापासून प्रत्येक रविवारी आमची फेरी ठरलेली. कन्हेरीतून काटेवाडी, तिथून इंदापूरच्या रस्त्याने भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, आणि जंक्शनला वळून वालचंदनगर. तिच्या पूर्वजांच्या गावाला माहेरपणाला नेल्यासारखे. हाच तुकोबांच्या पालखीचा रस्ता. आषाढात काटेवाडीला पालखीसाठी धोतराच्या पायघड्या पडतात, पालखीभोवती मेंढ्या रिंगण धरतात. बेलवाडीला गोल रिंगणात अश्व दौडतो. त्या रस्त्याने ताशी पन्नासाच्या वेगाने जाताना घाई करावी असे वाटतच नाही. रस्ता आता रुंद झाला आहे. मोठमोठ्या गाड्या शेजारून सूं करून जातात. त्यांतली पोरे मागे वळून हात हलवतात.

चालवताना काय वाटते, ते कागदावर उतरवणे अवघड आहे. पुढची सीट बाकासारखी सलग. गियरची दांडी स्टिअरिंगच्या खाली, डाव्या हाताला. ती ओढताना ढकलताना विहिरीवरचा रहाट फिरवल्यासारखा हात लयीत चालतो. त्रिकोणी काच उघडली, की वारा थेट सदऱ्यात शिरतो. गळीत हंगामात हवेत मळीचा आंबूस-गोड वास असतो. पुढे उसाची बैलगाडी असली तर तिच्यामागून चालायला या गाडीला कमीपणा वाटत नाही. बैलांच्या घुंगरांचा ताल आणि इंजिनाचा ताल कधी कधी जुळतो. मग मी ओलांडून जाण्याचा विचारच सोडून देतो.

या सगळ्या वर्षांत आबा शेजारी बसत आले. त्यांना काचबिंदू झाला. कडेकडेने अंधार येत गेला आणि २०२० नंतर त्यांना उजेड-अंधारापलीकडे काही दिसेनासे झाले. पण गाडीत बसले, की त्यांच्याइतके कुणालाच दिसत नाही. "सणसर आलं," ते म्हणतात; रस्त्याचा आवाज बदललेला असतो. "तिसरा प्लग काळा झालाय." उघडून पाहावे तर तिसराच. पहिल्यांदा मी चालवायला शिकत होतो तेव्हा त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती, "गाडी हाकू नगंस. ऐक."

२०२३ च्या मे महिन्यात भर दुपारी सणसरच्या पुढे गाडी बंद पडली. उन्हाने पेट्रोलची वाफ धरली असेल म्हणून मी पंपावर ओला पंचा टाकला, दहा मिनिटे थांबलो. काही होईना. शेवटी घरी फोन लावला. आबा म्हणाले, "फोन इंजिनापाशी धर आन् स्टार्टर मार." मी तसे केले. भर रस्त्यात मोटारीला फोन ऐकवणारा मास्तर पाहून दोन ट्रॅक्टर थांबले. पलीकडून आबांचा आवाज आला, "पेट्रोल येईना. रबराची नळी बघ." नळी फुगून मऊ पडली होती. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. आणि पेट्रोलात इथेनॉल वाढतच चालले होते. २०२५ साली ते वीस टक्क्यांवर गेले. गंमत पाहा, ते इथेनॉल येते उसापासूनही, आणि ऊस म्हणजे आमच्याच शिवाराचे पीक. म्हणजे आमच्याच उसाने आमच्याच गाडीचा घसा बसवला! आता मी इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या बसवून घेतल्या आहेत. म्हातारपणी खाणे बदलले, की पथ्य सांभाळावे लागते.

२०२१ साली सरकारने पन्नास वर्षांवरच्या मोटारींसाठी 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी सुरू केली. नंबराच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे मिळतात. मान मोठा, पण मग अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. मी आबांना विचारले. ते म्हणाले, "म्हंजी जित्तेपणी फोटो लावायचा व्हय?" मी फेरनोंदणी साधीच केली. एप्रिल २०२२ पासून तिचे शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेले होते. तेही भरले.

आणि मग आला जून २०२४. मुलीला पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. फी, वसतिगृह, खानावळ. मी वहीत बेरीज केली, पुन्हा केली, आणि वही मिटून ठेवली. त्याच आठवड्यात पुण्याचे एक गृहस्थ चौकशी करीत आले. लग्नाच्या वरातींना आणि सिनेमावाल्यांना जुन्या मोटारी भाड्याने द्यायचा त्यांचा व्यवसाय. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि साडेतीन लाख रुपये सांगितले.

मी दोन रात्री झोपलो नाही. तिसऱ्या दिवशी आबांना सांगितले. मला वाटले होते ते गप्प होतील. ते लगेच म्हणाले, "इकून टाक. पोरीचं शिकणं मोठं. गाडी काय, लोखंड." मग थोड्या वेळाने म्हणाले, "वही घे. गिऱ्हाइकाला लिहून दे."

आबा सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. पहिला गियर गाडी पुरती थांबल्याबिगर टाकू नये. चोक ओढला की पाच मोजावे. मागचे उजवे दार दोनदा ओढावे. पहिल्या खेपेला लागल्यासारखे वाटते, पण लागत नाही. पावसाळ्यात हॉर्न आपोआप वाजला तर भिऊ नये. उतारावर न्यूट्रल करू नये, ती बिथरते. अशी तेवीस कलमे झाली. शेवटचे असे होते: आठ दिवसांनी एकदा तरी चालवावी, नुसती उभी करू नये.

गृहस्थ पैसे घेऊन आले. माणूस भला होता, बोलायलाही गोड होता. मी वही त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती चाळली आणि हसून म्हणाले, "याची काही गरज पडणार नाही, सर. हे इंजिन आम्ही काढूनच टाकणार. आत बॅटरीवरची मोटर बसवायची. वरातीत मध्येच बंद पडायला नको."

ओट्यावरून आबांनी विचारले, "मग आवाज?"

"आवाज येणारच नाही, आजोबा. एकदम शांत!"

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून पिवळा फडका काढला आणि चष्मा पुसायला लागले. ज्या चष्म्यातून त्यांना काही दिसत नव्हते, तो चष्मा ते बराच वेळ पुशीत राहिले.

मी त्या गृहस्थांना चहा पाजला आणि माफी मागितली.

आबांसाठी मी गाडी ठेवली, असे सांगणे सोपे आहे. ऐकणाऱ्यालाही ते बरे वाटते. पण खरे सांगायचे तर मी ती माझ्यासाठीही ठेवली. काचेला नाक लावून उभा असलेला सात वर्षांचा पोरगा काही केल्या दारापासून हलायला तयार नव्हता. शहाणपणाचे झाले असे मी म्हणणार नाही. शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढले. साठ हप्त्यांचे ते कर्ज. पहिल्या तारखेला पगार होतो आणि दुसऱ्या तारखेला मला त्या गृहस्थांची आठवण होते. सौभाग्यवती तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "अहो, गॅस संपलाय. फियाट काढा, टाकी आणू."

मुलगी मात्र रागावली. "पप्पा, फी माझी, गाडी आपली सगळ्यांची, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही?" ती म्हणाली. तिचे बरोबर होते. मी गप्प बसलो. मग तिने वही उचलली, तेवीसही कलमे उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाली, "आता मला चालवायला शिकवा."

तिला शिकवले ते आबांनी. मी शिकवायला बसलो की आम्ही भांडतो. सुट्टीत ती आली, की आजोबा आणि नात शेताच्या रस्त्यावर गाडी काढायची. एकाला दिसत नाही आणि दुसरीला येत नाही, अशी ती जोडी! मी लांबून मारुतीचे नाव घेत उभा राहायचा. पण आबांचे कान आणि तिचे डोळे मिळून एक उत्तम ड्रायव्हर तयार झाला. तिला परवाना मिळाला.

२०२५ च्या पाडव्याला संध्याकाळी तिने गाडी बाहेर काढली. आईने म्हणजे तिच्या आजीने, डोळ्यांना कमी दिसत असूनही, १९८७ सालासारखेच गाडीला ओवाळले. आबा पुढे आपल्या जागेवर जाऊन बसले. स्टिअरिंगवर मुलगी. मी सवयीने उजव्या बाजूला गेलो आणि थबकलो. माझी जागा गेलेली होती.

मी मागचे दार उघडले आणि आत बसलो.

चौदा वर्षे ही गाडी मी चालवीत होतो. पण मागच्या सीटवर कधी बसलो नव्हतो. वेळच आली नव्हती. सीट अजून तपकिरीच आहे, ती आम्ही मुद्दाम तशीच शिवून घेतली होती. मी टेकून बसलो. पुढे आबांची मान दिसत होती. पिकलेले, बारीक कापलेले केस, सदऱ्याच्या कडेला तुळशीची माळ, आणि डाव्या कानामागे एक तीळ, जो मला पंचेचाळीस वर्षांत कधी दिसला नव्हता. डॉक्टरसाहेबांना ही मान तेवीस वर्षे दिसली असेल. पाऊस असताना, बाळंतिणीच्या घाईत, मध्यरात्री परत येताना ते याच मानेकडे पाहत निर्धास्त बसत असतील.

मुलीने पाच मोजले. उसासा, खोकला, शांतता, आणि मग तो घुमारा. गावातल्या दारादारांतून पणत्या लागल्या होत्या. आबांनी मान किंचित कलती केली आणि कान दिला. चाळीसही घोडे जागेवर असल्याची त्यांची खात्री झाली असावी.

"दार दोनदा ओढलंस का रं?" मागे न वळता त्यांनी विचारले.

"ओढलं, आबा," मी म्हणालो.